वेगळा आकडा टाकून देण्याआधी

आकड्यांतले बदल आणि विसंगती कशा ओळखायच्या, यावर सांख्यिकीच्या अभ्यासकांची कार्यशाळा भरते तेव्हा फळा सूत्रांनी भरून जातो. तो भरायलाच हवा. पण माझ्या मते खरा प्रश्न सूत्राच्या आधीचा आहे : नेहमीचे कशाला म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे?

1926 साली ओरिसातल्या ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. अलीकडच्या वर्षांत नदीचा तळ फूटभर वर आला आहे, असे निदान अभियंत्यांच्या समितीने केले आणि काठचे बांध आणखी उंच करायला सांगितले. सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या. तळ वर आल्याचे त्यांत कुठेच दिसेना. जादा पाणी अडवायला नदीच्या वरच्या अंगाला धरणे बांधावीत, असे त्यांनी सुचवले. समितीतली माणसे काही अडाणी नव्हती. पूर डोळ्यांसमोर असताना ‘पूर्वी असे नव्हते’ असे कुणालाही वाटते. जुन्या नोंदी हाताशी नसतील तर ताजी आठवणच पुरावा होऊन बसते.

न झालेला बदल दिसणे ही एक चूक, झालेला बदल उशिरा कळणे ही दुसरी. ई. एस. पेज यांनी 1954 मध्ये मांडलेली संचित बेरजेची रीत या दोन्हींमधून वाट काढते. नोंद अपेक्षेपेक्षा जितकी जास्त तितके बेरजेत मिळवायचे, दर वेळी थोडी सूट वजा करायची, बेरीज शून्याखाली गेली की पुन्हा शून्यापासून सुरुवात. एकेक फरक किरकोळ असला तरी तो एकाच दिशेने साचत गेला की बेरीज ठरलेली रेषा ओलांडते. ही रेषा कुठे आखायची, हे मात्र एकट्या गणिताला सांगता येत नाही. खाली आखली तर खोटे इशारे वाढतात, वर आखली तर खरा इशारा लांबतो. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे नोंद गेली की इशारा, हा कारखान्यांतला जुना नियम घ्या. नोंदी प्रसामान्य वितरणाच्या असतील तर काहीही बिघडलेले नसताना 370 नोंदींमागे सरासरी एक खोटा इशारा येतो. एका यंत्राला हे परवडते. हजार ठिकाणच्या नोंदी रोज तपासणाऱ्या आरोग्ययंत्रणेत मात्र दिवसाला दोन-तीन खोटे इशारे ठरलेलेच. ‘लांडगा आला रे आला’ किती दिवस ऐकून घेणार? शिवाय खोट्या इशाऱ्याचा ताप कर्मचाऱ्यांना होतो आणि उशिराचा फटका रुग्णाला बसतो. रेषा आखताना रुग्णाची बाजू मांडणारे कोणीतरी तिथे असलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

नेहमीचे काय ते आधीच ठरवून ठेवले तर काय होते, हे अंटार्क्टिकात दिसले. हॅली केंद्रावरच्या ब्रिटिश संशोधकांकडे 1950च्या दशकापासूनच्या ओझोनच्या नोंदी होत्या. ऑक्टोबरची सरासरी पूर्वी 300 डॉब्सन एककांच्या आसपास असायची, ती 1984 पर्यंत 200च्या घरात उतरली. उपकरणच बिघडले असेल म्हणून त्यांनी दुसरे उपकरण नेऊन पाहिले. घट तशीच होती. फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी 1985 मध्ये हे प्रसिद्ध केले. त्याच काळात नासाचा निंबस-7 उपग्रह वरून ओझोन मोजत होता. त्याच्या नोंदींवर प्रक्रिया करणाऱ्या प्रणालीत 180 पेक्षा कमी आकडा संशयास्पद म्हणून वेगळा काढायची सोय होती, कारण इतका कमी ओझोन तोवर कुणी पाहिलाच नव्हता. हे आकडे पुसून टाकले गेले नव्हते, हे मोठेच नशीब. ते पुन्हा तपासता आले आणि ओझोनच्या थरातले विवर जवळजवळ खंडाएवढे असल्याचे कळले. म्हणून नोंदी साफ करणारी प्रणाली लिहिताना मूळ आकडा, तो बाजूला काढण्याचे कारण आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव, या तिन्हींची नोंद राहिलीच पाहिजे.

हे आपल्याला दूरचे वाटू नये. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि जेमतेम पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला 73. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहणे ही चुकीची नोंद हुडकण्याची रूढ आणि चांगली रीत आहे. तिने त्या दिवशी सांताक्रूझच्या आकड्यावरच बोट ठेवले असते. पुढच्याच वर्षी भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या 1951 ते 2000 या काळातल्या रोजच्या पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोसमी पावसाच्या सरासरीत ठळक बदल नव्हता. पण अतिवृष्टीचे प्रसंग वाढत होते आणि मध्यम पावसाचे कमी होत होते, त्यामुळे सरासरी जागच्या जागी राहत होती. बदल होता तो टोकाच्या आकड्यांत, म्हणजे चाळणी लावणारा सगळ्यात आधी ज्यांच्यावर संशय घेतो त्या आकड्यांत.