पाटे काढल्यावर

जुनी महिंद्रा जीप किंवा मारुती जिप्सी घरच्या शेडमध्ये उभी करायची, चारही कोपऱ्यांचे कमानपाटे काढायचे आणि कॉइल स्प्रिंग बसवायची, हा बेत ऑफ-रोडिंगवाल्यांच्या मनात कधी ना कधी येतोच. पाट्यांची गाडी आपटते, ही तक्रार खरी आहे. पण पाट्याला नुसती स्प्रिंग समजलं, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

यू-बोल्ट सोडून पाटे बाजूला केले आणि अ‍ॅक्सलचं हाउसिंग व चासी यांच्या मध्ये कॉइल ठेवली, तर गाडीचं वजन ती उचलेल. मात्र गाडी हातभरही चालायची नाही. अ‍ॅक्सल मागेपुढे जाईल, बाजूला सरकेल आणि क्लच सोडताच स्वतःभोवती फिरू पाहील. हे सगळं आजवर पाटा रोखत होता. एका टोकाच्या पिनने तो अ‍ॅक्सल जागेवर धरतो. दाबल्यावर लांबतो म्हणून दुसरं टोक शॅकलवर. रुंदीमुळे तो बाजूला हलू देत नाही, मधल्या आवळणीमुळे फिरू देत नाही. पाटे एकमेकांवर घासतात, त्यात थोडी उसळीही जिरते.

कॉइलला उभ्या दाबापलीकडे काही येत नाही. उरलेलं एकेक काम कुणाकडे तरी सोपवावं लागतं. मागेपुढे धरायला खालच्या लिंका, फिरणं अडवायला वरच्या, उसळी जिरवायला शॉकअप. बाजूच्या सरकण्याला बहुधा पॅनहार्ड रॉड, आणि घरच्या कामात हाच सर्वांत जास्त फसवतो.

या रॉडचं एक टोक चासीला, दुसरं हाउसिंगला. अ‍ॅक्सल वरखाली झाला की रॉड बिजागरीवरच्या फाटकासारखा कमानीत फिरतो आणि अ‍ॅक्सलला थोडं बाजूला ओढतो. रॉड 80 सेंटिमीटर लांब आणि आडवा असेल, तर 10 सेंटिमीटर हालचालीत अ‍ॅक्सल जेमतेम 6 मिलिमीटर सरकतो. आता गाडी 10 सेंटिमीटर उंच केली आणि ब्रॅकेट तिथेच ठेवली, तर रॉड आधीच तिरपा होतो. मग चाक आणखी 10 सेंटिमीटर खाली लोंबलं की सरकणं 19 मिलिमीटरवर जातं, म्हणजे तिप्पट. पुढच्या अ‍ॅक्सलवर दुखणं वाढतं: पॅनहार्ड आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक समांतर नसतील, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपणहून वळते. उंची वाढवण्याची हौस मला म्हणूनच फारशी पटत नाही. फोटोत ती छान दिसते, एवढंच.

1970 च्या रेंज रोव्हरने चारही चाकांना लांब चालीच्या कॉइल दिल्या. पुढे रेडियस आर्म आणि पॅनहार्ड, तर मागे पॅनहार्डच नाही. अ‍ॅक्सलच्या वर इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा सांगाडा बसवून बाजूचं काम त्याच्यावर टाकलं. कामं तीच, वाटणी निराळी. (आपल्याकडे रस्त्यावर चालवायची गाडी असेल, तर मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांविषयीचं कलम 52 आधी वाचावं.)

लिंकांच्या ब्रॅकेटला आधी नुसते टॅक मारावेत. चासी स्टँडवर भक्कम टेकवून, कॉइल न बसवता, अ‍ॅक्सल जॅकवर पूर्ण वर-खाली न्यावा, मग एकच बाजू उचलून तिरका करावा. ब्रेकचा पाइप ताणला जातो का, प्रॉपेलर शाफ्टचा जॉइंट अडतो का, टायर कुठे घासतो, हे तेव्हाच दिसतं. पक्कं वेल्डिंग त्यानंतर.

याच तपासणीत पाट्याचं आणखी एक काम उघड होतं. चाक हवेत लोंबलं की ते किती खाली जाईल हे पाटाच ठरवत असे. कॉइल नुसती सैल होते, प्रसंगी जागेवरून निसटते, आणि अख्ख्या अ‍ॅक्सलचा झटका शॉकअपच्या बूशवर येतो. म्हणून चासी आणि हाउसिंगमध्ये जाड कापडी पट्टा बांधतात; शॉकअप पूर्ण उघडण्याच्या थोडं आधीच तो ताणला गेला पाहिजे.