शरीराची अमानत आणि फवारणीचे दिवस



सूरह अज्-जारियातमध्ये अल्लाहने पृथ्वीवरील निशाण्यांबरोबरच मनुष्याच्या स्वतःच्या अस्तित्वातील निशाण्यांकडेही लक्ष वेधले आहे. आपण आकाशाकडे पाहतो. स्वतःच्या हाताकडे मात्र क्वचितच.

हा हात हलतो तो चेतापेशींच्या साखळीमुळे. या पेशी सहसा एकमेकींना चिकटलेल्या नसतात. एका मिलिमीटरचे 10 लाख भाग केले, तर त्यांतील 20 ते 40 भागांएवढी फट दोघींमध्ये असते. संदेश फटीपाशी आला की पेशी एक रसायन सोडते आणि ते पलीकडच्या पेशीला जागे करते. चेतापेशी व स्नायू यांच्यामध्येही अशीच फट आहे. तेथील रसायन अ‍ॅसिटिलकोलिन. काम होताच एक विकर ते क्षणार्धात मोडून टाकते, म्हणून स्नायू सैल होतो. प्रत्येक वस्तू एका मापाने निर्माण केल्याचे कुरआन सांगतो. संदेश थांबणे हेही त्या मापातलेच.

शेगाव परिसरातील कपाशीवर पावसाळ्यात फवारणी होते. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके किडीच्या शरीरातील याच प्रकारचे विकर निकामी करतात, आणि माणसाचेही. विष त्वचेतून वा श्वासातून आत गेले की संदेश थांबतच नाही. लाळ गळते, घाम फुटतो, बुबुळे बारीक होतात, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास कोंडतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले.

'तकदीरीत होते' असे म्हणून हात झटकणे सोपे असते. परंतु प्रेषित (स.) यांनी आधी उंट बांधण्यास आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास शिकवले. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्याला पाठ आहे. पण तो घाम विषाचा असेल तर? मजुराला पंप दिला, हातमोजे व मुखपट्टी दिली नाही, तर मालकाची जबाबदारी संपली असे मला वाटत नाही. त्याचे शरीर त्याच्यापाशी अल्लाहची अमानत आहे, आणि त्या दिवसापुरती आपल्यापाशीही.

वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये. फवारणीनंतर साबणाने अंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत. कोणाला गरगरले, तर लिंबू-सरबत पाजत बसू नये. कपडे उतरवून अंग धुवावे आणि औषधाची बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. बाटलीवरील नाव पाहून डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.