दहा दिवसांची माया

कंबोडियात सिएम रीपला अंगकोर वाट पाहायला जाणाऱ्यांना २०११ पासून एक पोस्टर दिसू लागलं. काचेच्या पेटीत मुलं उभी आहेत आणि परदेशी पाहुणे बाहेरून त्यांचे फोटो काढताहेत. मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे, असं ते पोस्टर बजावत होतं. फ्रेंड्स इंटरनॅशनल या संस्थेच्या चाइल्डसेफ उपक्रमानं ही मोहीम काढली, कारण तोवर अनाथाश्रमाची भेट हा तिथल्या सहलीचाच भाग होऊन बसला होता. सकाळी देवळं, संध्याकाळी मुलांचा नाच, निघताना देणगीची पेटी.

चर्चमधून सेवेला जाणारे लोक स्वतःला या पर्यटकांत धरत नाहीत. ते हक्काची रजा खर्चून, उपास-प्रार्थना करून, तिकिटाला पैसे साठवून जातात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजाप्रमाणे एकट्या अमेरिकेतल्या चर्चमधून वर्षाला सुमारे १६ लाख माणसं अशा छोट्या मिशन प्रवासांना परदेशी जातात. बालगृह हा त्यांच्या कार्यक्रमातला नेहमीचा मुक्काम.

मेलबर्नमधलं एक मराठी ख्रिस्ती जोडपं अशाच प्रवासाच्या तयारीत आहे, अशी कल्पना करू. तो मूळचा नगरचा, ती मिरजेची. दहा दिवस, सिएम रीपजवळची दोन बालगृहं. सकाळी बायबलमधल्या गोष्टी आणि गाणी, दुपारी भिंतींना रंग, शेवटच्या दिवशी भेटवस्तू आणि जेवण. मंडळीनं त्यासाठी खास अर्पण गोळा केलंय. घरी नगरहून त्याच्या आत्या राहायला आल्या आहेत. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये मेट्रन म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली.

वादाला तोंड फुटलं ते बायकोनं वाचलेल्या एका अहवालावरून. कंबोडियाचं समाजकल्याण खातं आणि युनिसेफ यांनी तो २०११ मध्ये काढला होता.

“२००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथली बालगृहं ७५ टक्क्यांनी वाढली,” ती म्हणाली. “युद्ध तर कधीच संपलेलं. आणि आतल्या चार मुलांपैकी तिघांची आई नाही तर बाप जिवंत आहे.”

“मग ती तिथे कशाला राहतात?”

“गरिबीमुळे. शाळेसाठी. गावात कुणीतरी येऊन सांगतो, मूल शहरात पाठवा, पोटभर जेवेल, वर इंग्रजी शिकेल. आई पाठवते. घर भरलेलं दिसलं की पाहुणे येतात, पाहुण्यांमागून पैसे येतात, आणि पैसे येत राहावेत म्हणून आणखी मुलं लागतात.”

“सगळी घरं तसली नसतात.”

“नसतीलच. पण कोणतं कसलं, हे आपल्याला दहा दिवसांत कळणार आहे का?”

त्याच्याकडे उत्तर होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. याकोबाच्या पत्रातलं पहिल्या अध्यायाचं २७ वं वचन अनाथ-विधवांची संकटात विचारपूस करण्यालाच खरी भक्ती मानतं. त्या वचनावर शतकानुशतकं माणसांनी आयुष्यं ओवाळून टाकली आहेत.

“ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरनं १०,०२४ मुलं सांभाळली,” तो म्हणाला. “पंडिता रमाबाई दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि मुली घेऊन आल्या. त्यांनी आधी अहवाल वाचत बसायला हवं होतं का?”

“म्यूलरच्या घरात प्रवेशाचा नियमच होता, आईबाप दोघंही वारलेले हवेत. त्यांच्याच संस्थेनं दुसऱ्या महायुद्धानंतर मुलं लहान घरांत हलवली आणि ॲशली डाउनच्या त्या अवाढव्य इमारती विकून टाकल्या. आणि रमाबाईंचं म्हणशील, तर मुलींना घेऊन त्या केडगावला दहा दिवसांसाठी नव्हत्या गेल्या. १९२२ मध्ये तिथेच वारल्या.”

“म्हणजे आयुष्य वाहणार असशील तरच जा, नाहीतर घरी बस?”

हा टोला नेमका बसला. तिला लगेच बोलता आलं नाही.

ज्या देशात हा वाद चालला आहे, त्या ऑस्ट्रेलियाचा अनुभवही इथे विचारात घ्यावा लागतो. विसाव्या शतकात या देशातली पाच लाखांहून अधिक मुलं अनाथालयांत, बालगृहांत आणि तसल्याच सांभाळात वाढली. त्यातली कित्येक घरं चर्चची होती. मारहाण, लैंगिक अत्याचार, जिवंत आईबाप मेल्याचं मुलाला सांगणं, हे सगळं २००४ च्या सेनेट चौकशीत नोंदलं गेलं. १६ नोव्हेंबर २००९ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसद भवनात त्या मुलांची, म्हणजे तोवर म्हाताऱ्या झालेल्या माणसांची, राष्ट्राच्या वतीनं माफी मागितली. पुढे २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीवरच्या संसदीय चौकशीनं परदेशी अनाथाश्रमांसाठी होणारा मुलांचा व्यापार हाही विषय हाती घेतला. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल घेतली.

“रविवारच्या शाळेत शिकवायला तुला इथे तपासणी होऊन कार्ड काढावं लागलं,” ती पुन्हा बोलू लागली. “मेलबर्नमध्ये एखाद्या कुटुंबात सरकारनं सांभाळायला दिलेलं मूल आहे. आपण दहा जण गिटार घेऊन तिथे गेलो, त्याला मांडीवर घेतलं, फोटो काढून मंडळीला पाठवले. चालेल?”

“नाही चालणार.”

“मग तिथे का चालतं?”

“कारण तिथे त्या मुलांना दुसरं कुणी नाही.”

“चारांतल्या तिघांना आहे, असं आत्ताच सांगितलं ना मी.”

“आणि चौथ्याचं काय?” त्यानं विचारलं. “मागच्या टीमचे व्हिडिओ तूही पाहिलेत. मुलं पहिल्याच तासाला गळ्यात पडतात. त्यांना माया हवी आहे. ती नाही द्यायची?”

ही गळामिठी अभ्यासकांनी बारकाईनं तपासली आहे. लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये आफ्रिकेतल्या एड्सग्रस्त भागांतल्या बालगृहांविषयी लिहिताना दाखवून दिलं, की अनोळखी माणसाला झटकन बिलगणं ही संस्थेत वाढणाऱ्या लहान मुलांत दिसणारी खूण आहे. स्वयंसेवक तिला जिव्हाळा समजतो. तो परत गेला की मुलाच्या वाट्याला आणखी एक ताटातूट येते, आणि दुसऱ्या आठवड्यात नवी टीम हजर असते. रोमानियात चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तिथल्या बालगृहांची स्थिती जगासमोर आली. २००० मध्ये बुखारेस्टला सुरू झालेल्या संशोधनात १३६ लहानग्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून पालक कुटुंबांत ठेवलं गेलं. त्यांची बुद्धी आणि नाती जोडण्याची क्षमता संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली वाढली. दोन वर्षांचं होण्याआधी ज्यांना घर मिळालं, त्यांना सर्वाधिक फायदा झाला.

आत्या इतका वेळ ऐकत होत्या.

“बिलगणारं पोर मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “सुट्टी संपवून आईकडून आलेली पोर दोन दिवस रुसून बसते, कुणाशी बोलत नाही. तिचं काही नाही, ती रुळते. येईल त्या बाईच्या कमरेला मिठी मारणारी पोर दिसली की आम्हाला घोर लागायचा.”

“म्हणजे आत्या, तूही हिच्याच बाजूनं?”

“तसं कुठं म्हटलं मी? मी स्वतः बोर्डिंगात शिकले. गावात राहिले असते तर चौथीनंतर खुरपं हातात आलं असतं. ही सारखी संस्था वाईट, संस्था वाईट म्हणते, ते मला पटत नाही.”

“पण आत्या, तुम्ही नाताळला घरी जायचात ना?” तिनं विचारलं.

“जायचे की. नाताळाला आणि उन्हाळ्यात. मधून वडील येऊन जायचे.”

“तुम्हाला कुणी अनाथ नाही म्हटलं.”

“मला नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, तिला म्हटलं. परदेशातल्या कुणा दात्याला तिचं नाव अनाथ म्हणून कळवलेलं. तिचा बाप बाजाराच्या दिवशी गूळ-शेंगदाणे घेऊन फाटकाशी उभा राहायचा. दात्याला पत्र लिहायची वेळ आली की ती मला विचारायची, बापाचं लिहू का नको?”

“तू काय सांगायचीस?”

“नको लिहू, असं सांगायचे. फी बंद झाली तर?”

आत्यांच्या या आठवणीचा दोघांनी दोन तऱ्हांनी अर्थ लावला. त्याच्या मते बोर्डिंगनं त्या मुलीला शिकवलं, चूक फक्त कागदावर होती. ती म्हणाली, पैसे त्या कागदामुळेच आले, आणि बापाला लपवायची जबाबदारी एका लहान मुलीवर पडली. नेपाळात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलाल मुलं घेऊन काठमांडूला यायचे. लढाईपासून वाचवू, शिकवू, असं सांगून आईबापांकडूनच पैसे घ्यायचे. पुढे तीच मुलं पाहुण्यांसमोर अनाथ म्हणून उभी केली जायची.

“ते उजेडात कुणी आणलं?” तो आता सावरून बसला. “कॉनर ग्रेनन. अमेरिकन पोरगा, जगभर फिरायला निघालेला. वाटेत थोडे दिवस मुलांची सेवा करू म्हणून काठमांडूजवळच्या बालगृहात गेला. मुलांना आईबाप आहेत हे त्याला तिथे राहून कळलं, मग तो हुमलाचे डोंगर चढून गेला आणि घरं शोधून काढली. तोही तुझ्यासारखा अहवाल वाचून घरी बसला असता तर?”

“तो थांबला. परत गेला. संस्था उभी केली.”

“पण सुरुवात कशानं झाली? आपण ज्याला नावं ठेवतोय, त्याच प्रवासानं. कंबोडियात टारा विंकलरचंही तेच. ऑस्ट्रेलियाहून फिरायला गेली, आधी एका अनाथाश्रमाला मदत केली, मग मुलांसाठी स्वतःचं बालगृह काढलं. या मुलांना घरचं कुणी ना कुणी आहे हे कळल्यावर ते बंद करून कुटुंबांना मदत करायला लागली. डोळ्यांनी बघितल्याशिवाय माणूस हलत नाही. बघून आलेला जन्मभर देत राहतो.”

या शेवटच्या वाक्याची पारख झालेली आहे, आणि ती एका ख्रिस्ती अभ्यासकानंच केली आहे. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतल्या चर्चच्या टीम घरं बांधायला गेल्या. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी हिशेब मांडला. स्थानिक संस्थेनं बांधलेल्या घराला सुमारे २,००० डॉलर लागत. टीमच्या प्रवासासकट तेच घर सुमारे ३०,००० डॉलरला पडे. परत आलेल्यांच्या देणग्यांत आणि आयुष्यात पुढे मोठा फरक पडला का, हेही त्यांनी पाहिलं. बहुतेकांच्या बाबतीत नाही.

“बहुतेकांच्या,” तो म्हणाला. “एखादा ग्रेनन निघतो.”

“एका ग्रेननसाठी हजारो मुलांनी हजारो वेळा निरोप घ्यायचा?”

तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं जे विचारलं, त्यानं वादाची दिशाच बदलली. “ठीक आहे, नाही जात. पैसेही थांबवू. त्या दोन घरांत आज जी मुलं आहेत, त्यांनी पुढच्या महिन्यात काय खायचं?”

इथवर तिची बाजू वरचढ वाटत होती. पण बालगृह वाईट हे सिद्ध झालं, तरी ते उद्या सकाळी कुलूपबंद करणं मुलाच्या भल्याचं ठरत नाही. कंबोडिया सरकारच्या २०१५ च्या पाहणीत ४०६ बालगृहांत १६,५७९ मुलं आढळली. त्यानंतर पाच प्रांतांतली ३० टक्के मुलं घरी पोचवण्याचं उद्दिष्ट ठरलं. एक मूल परत पाठवायचं तर आधी घर शोधायचं, बाप दारू पितो का ते बघायचं, शाळेची सोय लावायची, आणि मूल गेल्यावरही महिनोन्महिने चौकशी करत राहायचं. हे काम ख्मेर बोलणारा प्रशिक्षित कार्यकर्ताच करू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांशी जोडलेल्या एसीसी इंटरनॅशनल रिलीफनं ‘किनेक्टेड’ या कार्यक्रमातून नेमकं हेच केलं. मदत तोडली नाही, तीच वापरून बालगृहांना कुटुंबांकडे वळवलं.

“आपल्याकडे महाराष्ट्रातसुद्धा सरकारच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये घरीच देतात,” आत्या म्हणाल्या. “विधवेला तेवढा आधार झाला तर पोर जवळ ठेवता येतं.”

“तेच!” ती म्हणाली. “तिकिटांच्या पैशात एका कार्यकर्त्याचा पगार किती काळ निघेल, ते बघ.”

“मंडळीनं पैसे प्रवासाला दिलेत. पगाराचा फोटो काय दाखवणार? इथे कुणाचा चेहरा नाही, गाणं नाही, साक्ष द्यायला काही नाही.”

“याकोबानं फोटो कुठे मागितलाय?”

“याकोबाला मंडळीची कमिटी नव्हती.” तो हसला, मग पुन्हा गंभीर झाला. “तरी मला एक पटत नाही. चेहरा न बघता दरमहा पैसे पाठवायचे, याला मी सेवा कसं म्हणू? वीजबिलही तसंच भरतो आपण.”

“तर मग जाऊ या. मुलांना भेटायला नको, तिथल्या कार्यकर्त्यांना भेटू. त्यांना आपण यायला हवे असू तर. आधी दोन्ही घरांना पत्र लिहू. किती मुलांचे आईबाप हयात आहेत, मुलं घरी कधी जातात, परत पाठवायचं काम कोण बघतं.”

“उत्तर आलंच नाही तर?”

“तर तिथे भिंती रंगवायला जायचं नाही. पण मुलांच्या जेवणाचे पैसे एकदम तोडायचेही नाहीत. कुणाच्या हातून पाठवायचे, ते शोधावं लागेल.”

“आणि रविवारी मी कमिटीपुढे हे मांडलं, आणि त्यांनी अर्पण परत मागितलं?”

“देऊन टाकू. त्याआधी आपल्या दोघांच्या पगारातून दरमहा किती जाईल, तो आकडा ठरवू. तो घेऊन उभा राहा.”

त्यानं आकडा सांगितला. तिनं तो दुप्पट केला, आणि नव्या वादाला सुरुवात झाली.