आजचे चिंतन : वाचा मोठी की प्राण?



आजचा आधार छांदोग्य उपनिषदाच्या ५ व्या अध्यायातला पहिला खंड. गोष्ट आपल्या ऐकण्यातली आहे. इंद्रियांमध्ये भांडण लागलं, आपल्यात मोठं कोण? सगळी प्रजापतीकडे गेली. त्याने निवाडा सोपा दिला : जो निघून गेल्यावर देहाची सगळ्यात वाईट दशा होईल, तो मोठा. मग वाचा वर्षभर बाहेर राहिली. परतून पाहते तर देह मुक्याने जगतोच आहे. पुढे डोळा गेला, कान गेला, मनही गेलं. देहाने दर वेळी तग धरला. शेवटी प्राण निघू लागला. जातिवंत घोडा पायाचे खुंटे उपटून काढतो, तशी सगळी इंद्रियं मुळासकट हलली. तेव्हा सर्वांनी हात जोडले : तू जाऊ नकोस, मोठा तूच.

आपण ही गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. पण वाचा की प्राण, हे ज्याला खरोखरच निवडावं लागतं, त्याने ती कशी वाचावी?

आमच्या आलापल्लीच्या बाजूच्या एका ताईंवर ही वेळ आली. सामुदायिक प्रार्थनेत पहिला सूर त्यांचा असायचा. आधी नाकातून रक्ताळलेल्या खपल्या पडू लागल्या. मग आवाज बसला. मग चालताना श्वास आत घेतला की शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. दमा समजून पंप घेतला, गुण आला नाही. नागपूरला दुर्बिणीतून पाहिल्यावर कळलं, स्वरयंत्राच्या जरा खाली श्वासनलिका आवळत चालली आहे. आजाराचं नाव ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. फार थोड्यांना होतो. शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या रक्तवाहिन्यांवर उलटते, सूज येते आणि जखम भरताना जागा आकसते. मोठ्या माणसाची श्वासनलिका जेमतेम २ सेंटीमीटर रुंद. एखादी नळी निम्मी अरुंद झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, जवळपास १६ पट होतो.

डॉक्टर म्हणाले, औषधं देऊ, फुग्याने वाट रुंद करू. पण पुन्हा आवळली तर गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागेल. मग हवा स्वरयंत्रापर्यंत न जाता खालूनच आत-बाहेर करते, म्हणून आवाज जातो. काहींना नळीवर बोट किंवा झडप ठेवून बोलता येतं, पण वरची वाट किती मोकळी आहे त्यावर ते ठरतं. ताई म्हणाल्या, "भजनच उरणार नसेल तर श्वास ठेवून काय करू?"

मंडळी, हा प्रश्न भक्तीतून आला आहे, तेव्हा उत्तरही भक्तीतूनच द्यायला हवं. वाचा परत आली तेव्हा तिला परतायला घर होतं, कारण प्राणाने ते राखलं होतं. आणि शेवटी याच वाचेने आपलं मोठेपण प्राणाच्या स्वाधीन केलं. म्हणजे ताईंच्या गळ्यातला गोडवाही आधी श्वासाचाच होता. श्वास राखणं म्हणजे भजन सोडणं नव्हे, भजनाचं मूळ राखणं आहे. हातात खंजिरी आहेच की! तिचा ठेकाही देवापर्यंत पोचतो.

दुसरी गोष्ट. माणूस स्वतःच स्वतःचा मित्र आणि स्वतःच शत्रू, हा गीतेच्या ६ व्या अध्यायातला विचार. कुणीतरी तो ताईंना ऐकवला, की दुखणं तुम्हीच ओढवून घेतलं. असा अर्थ लावू नका हो. तिथे विषय मन जिंकण्याचा आहे, रक्तातल्या पेशींचा नाही. आजारी माणसाच्या उरावर शास्त्राचा धोंडा ठेवणं हा धर्म नव्हे.

तिसरी गोष्ट. मार्कंड्याच्या महादेवाला नवस जरूर बोला, पण गोळ्या बंद करून नको. स्टेरॉइडची गोळी मनाने एकाएकी थांबवली तर जिवावर बेतू शकतं. बरं वाटलं तरी हा आजार पुन्हा उलटतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही.

ताईंनी आता होकार दिला आहे. नळीची वेळ आलीच तर नाही म्हणणार नाहीत.

आजचा संकल्प आपला, त्यांचा नव्हे. प्रार्थनेत धूप-कापूर त्यांच्यापासून लांब ठेवू. मोहफुलांच्या दिवसांत जंगलात पालापाचोळा पेटवणं थांबवू. तो धूर त्यांच्या उंबऱ्याशी येतो. बसल्या जागी श्वासाला आवाज येऊ लागला तर सकाळची वाट न पाहता गाडी काढू, कारण इथून गडचिरोली काय नि चंद्रपूर काय, शंभरावर किलोमीटर. आणि त्या बोलत नसतील तेव्हा त्यांच्याशी बोलणं सोडणार नाही.

हे प्रभो, ज्यांना प्रत्येक श्वास मोजून घ्यावा लागतो, त्यांचा श्वास तू सांभाळ. आणि आम्हाला फुकट मिळालेल्या श्वासाची जाण दे.

जय गुरुदेव.