ओ देण्याचे नाव

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचे एक छायाचित्र काढले गेले. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. खाली रोमन लिपीत नावे दिली आहेत. आपल्या आनंदीबाई जोशी तिथे ‘आनंदाबाई’ झाल्या आहेत. शेजारच्या जपानी केई ओकामी अन्यत्र केइको म्हणूनही आढळतात. ओकामी हे सासरचे आडनाव. दमास्कसहून आलेल्या तिसरीचे नाव कुठे ‘सबात’, कुठे ‘तबात’ असे छापले जाते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ स्थैर्य. त्यातले पहिले अक्षर दमास्कसच्या बोलीत कधी ‘त’ होते, कधी ‘स’, आणि रोमन लिपीत शिरताना त्याला एक काहीतरी व्हावेच लागते.

अनुवादकाला हा पेच रोजचा आहे. तमिळ किंवा मलयाळी स्त्री रोमन लिपीत आपल्या नावातला ‘त’ लिहिताना ‘टी’ला ‘एच’ जोडते, कारण नुसता ‘टी’ तिच्याकडे ‘ट’साठी राखलेला असतो. इंग्रजीवरून मराठीत येताना तिची गीता ‘गीथा’ होते, लता ‘लथा’ होते. अशी हाक तिला घरात कुणीच मारलेली नसते. बंगालीत तर ‘वंदना’तला ‘व’ आणि ‘ब’ एकाच अक्षराने लिहितात आणि उच्चार ‘ब’ असाच करतात. मराठीत ‘वंदना’ लिहिले की ती आपल्या शेजारची होते, बंगालची राहत नाही. ‘बंदना’ लिहिले की वाचकाला मुद्रणदोष वाटतो. मी बहुधा ‘बंदना’च ठेवते. वाचक दोन पानांत रुळतो.

पण हा केवळ लिप्यंतराचा प्रश्न आहे का? मला यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. परक्या जिभेवर नाव थोडे वळते, तो जिभेचा फेर. त्यात अपमान असेलच असे नाही. बंगाली माणूस लक्ष्मीला ‘लोक्खी’ म्हणतो तेव्हा तो तिला लाडानेच हाक मारत असतो. दुसरा फेर अधिकाराचा. तिथे नाव बदलणाऱ्याला मूळ नाव नीट उच्चारता येत असते, तरी तो ते बदलतो.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले आणि त्या आनंदी झाल्या. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत मराठी वाचकाला सांगायला नको. एका छायाचित्राखालच्या ‘आनंदाबाई’वर आपण हसतो. ती तर एका अक्षराची चूक आहे. यमुनेची आनंदी होण्यात एकही अक्षर चुकलेले नाही.

मग आज त्यांच्याबद्दल लिहिताना ‘यमुना’ लिहावे का? न्याय केल्यासारखे वाटेल खरे, पण मला ते पटत नाही. यमुना हे नावही त्यांनी निवडले नव्हते. कुणीच आपले नाव निवडत नाही. नाव आपले होते ते वापराने. आनंदी या नावाने त्या समुद्रापार गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या. आता ते नाव त्यांच्याकडून काढून घेणे म्हणजे त्यांना न विचारता आणखी एकदा बारसे करणे. रीत अन्यायाची होती हे म्हणावे आणि नाव त्यांचे होते हेही म्हणावे. पहिला निवाडा लग्नाच्या मांडवाचा आहे, दुसरा त्यांच्या कर्तृत्वाचा. एकाने दुसरा रद्द होत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: या नावाने हाक मारली, तर ती ओ देईल का? ‘गीथा’ला देणार नाही. ‘बंदना’ला देईल. ‘आनंदाबाई’ला एखादवेळी हसून देईल.

ही कसोटी अपुरी पडते ती जिने सही कधी केलीच नाही तिच्यापाशी. सातबाऱ्यावर, शिधापत्रिकेवर सासरचे नाव. माहेरचे नाव फक्त भावंडांच्या तोंडी. ती भावंडे गेली की त्या नावाने हाक मारणारे कुणी उरत नाही. ती कुठल्या नावाला ओ देत होती, की दोन्हींना, हे आपण कागदावरून ठरवू शकत नाही. म्हणून तिच्याबद्दल लिहायची वेळ आली तर दोन्ही नावे लिहावीत, आणि घरात कुणाला माहेरचे नाव आठवत असेल तर ते आजच विचारून घ्यावे.