ग्रँट आली, गाव बाजूला झालं

शाळा खासगी संस्थेने चालवायची आणि मास्तरांचा पगार सरकारने द्यायचा, ही आपल्याकडची रीत शहरातल्या महागड्या इंग्रजी शाळेत वाढलेल्या तरुणाला समजावून सांगताना पंचाईत होते. शाळा कोणाची, असं तो विचारतो. संस्थेची. जागा? कुणा पाटलाने दिलेली. इमारत? लोकवर्गणीची. शिक्षक? नेमले संस्थेने, पदं ठरली संचमान्यतेत, पगार येतो सरकारच्या ‘शालार्थ’ वेतनप्रणालीतून. एवढं ऐकल्यावर तो म्हणतो, म्हणजे कोणाचीच नाही. त्याला हसून उडवून लावता येत नाही, कारण दीडशे वर्षं आपला वाद चालला आहे तो यावरच.

या रीतीचा कागदोपत्री जन्म १८५४चा. चार्ल्स वुडच्या खलित्यात सरकारी मदतीच्या अटी ठरल्या: शाळेचा कारभार स्थानिक मंडळींनी पाहावा, थोडी का होईना फी घ्यावी, सरकारी तपासनिसाला कधीही येऊ द्यावं. सगळ्या मुलखात स्वतःच्या शाळा काढणं कंपनी सरकारला झेपणारं नव्हतं. खर्चाचा मोठा वाटा आणि सगळी दगदग लोकांनी उचलली तर बरंच, हा त्यामागचा हिशेब. हेतू काटकसरीचा होता, तरी सार्वजनिक पैसा आणि स्थानिक कारभार एका शाळेत नांदू शकतात हे त्यातून सरकारदरबारी मान्य झालं. पुण्यात याची चुणूक आधीच दिसली होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळांना दक्षिणा फंडातून मदत मिळाली होती. पेशवाईत शास्त्रीपंडितांना वाटली जायची ती ही दक्षिणा. तिच्यातला पैसा मुलींच्या शाळांकडे वळला तेव्हा सदाशिव-शनवारातल्या ओसऱ्यांवर काय बोललं गेलं असेल, ते वाचकांनीच ताडावं.

ग्रँट म्हणजे सरकारची मेहरबानी, ही समजूतही जोतीरावांनीच मोडली. ऑक्टोबर १८८२मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी हात घातला तो पैशाच्या उगमाला. तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि रिती होते वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. म्हणजे कुणबी शाळेचे पैसे आगाऊ भरून मोकळा झाला होता, फक्त शाळा त्याच्या वाडीपर्यंत पोचली नव्हती. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी समाजातून घ्या, त्यांना बरा पगार द्या, मुलांना शेतीचं थोडंफार ज्ञान द्या, अशा त्यांच्या मागण्या सर्वश्रुत आहेत. मला त्या मागण्यांइतकाच हा जमाखर्च महत्त्वाचा वाटतो. शाळेसाठी गाव आधीच पैसे देतं आहे, हे सरकारला हिशेबाच्या भाषेत ऐकवणारा दस्तऐवज त्याआधीचा माझ्या वाचनात नाही.

सरकारने मात्र मदत जोडली होती परीक्षेच्या निकालाला. तपासनीस येणार, मुलांना उभं करून प्रश्न विचारणार, पास झालेली डोकी मोजणार आणि त्या मापाने ग्रँट देणार. साहजिकच शाळांचं लक्ष गावापेक्षा तपासनिसाकडे लागलं. पुढे स्वदेशीच्या काळात तर ग्रँटच नको, असं म्हणणारा प्रवाह आला. प्रा. विजापूरकरांनी १९०६मध्ये तळेगावला समर्थ विद्यालय काढलं ते निव्वळ लोकांच्या पैशावर. सरकारने १९१०मध्ये ते बंद पाडलं. सरकारचा पैसा नाकारला म्हणून सरकारचा हात दूर राहतो असं नाही, हे तेव्हा कळलं.

तिसरी वाट कोल्हापूरने काढली. शाहू महाराजांनी १९०१पासून बोर्डिंगांचा जो सपाटा लावला, त्यात कामाची वाटणी सरळ होती. दरबाराने जागा द्यायची, वार्षिक नेमणूक बांधून द्यायची. चालवायचं त्या त्या समाजाच्या मंडळींनी. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या मुलाची अडचण शाळेपेक्षा मुक्कामाची आणि दोन वेळच्या जेवणाची आहे, हे महाराजांनी ओळखलं होतं. सार्वजनिक पैसा आणि स्थानिक संस्था यांची इतकी उघड भागीदारी आपल्याकडे त्याआधी झालेली नव्हती. पण इथे ‘स्थानिक’ म्हणजे जात. भागीदार जातच होती, कारण त्या काळी पुढाऱ्यांना हाक मारून गोळा करता येईल असा दुसरा जथा नव्हता.

याच बोर्डिंगांतला एक विद्यार्थी हे सूत्र पुढे घेऊन गेला. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहात. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी अंघोळ करायला नकार दिला आणि त्यावरून त्यांना बाहेर काढलं गेलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. ४ ऑक्टोबर १९१९ला कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी संस्था काढली तेव्हा तिच्या नावात कुठलीही जात आली नाही, ‘रयत’ आली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. १९२७मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

ही पंगत चालायची कशावर, ते नीट पाहण्यासारखं आहे. घरटी मूठभर धान्य बाजूला ठेवायचं आणि ते बोर्डिंगात आणून टाकायचं, हा मुष्टिफंड. मुलं स्वतः राबायची, शेतात आणि बांधकामावर. तेवढ्याने भागेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, मंगळसूत्रासकट. आणि या सगळ्याच्या जोडीला सरकारी ग्रँट. भाऊरावांनी ती कधी नाकारली नाही आणि तिच्यावर विसंबूनही राहिले नाहीत. १९३७नंतर काँग्रेस मंत्रिमंडळाने व्हॉलंटरी शाळांची योजना काढली, तेव्हा ‘रयत’ने डोंगराकडेच्या वाड्यावस्त्यांवर अशा पाचशेहून अधिक शाळा उभ्या केल्या. ग्रँटवर सगळी भिस्त नव्हती म्हणूनच १९४८मध्ये मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान तोडलं तरी संस्था मोडली नाही. गाडगेमहाराजांनी शब्द टाकल्यावर ते पुन्हा सुरू झालं, असं सांगतात. ते असो. गावाची मूठ, मुलाचे हात आणि सरकारचा पैसा यांपैकी कोणा एकावर शाळा अडून राहिली नाही, हे भाऊरावांच्या गणिताचं वैशिष्ट्य.

स्वातंत्र्यानंतर हे गणित हळूहळू मोडलं, आणि मोडलं ते चांगल्या कारणाने. साठच्या दशकापासून गावोगाव हायस्कुलं निघाली आणि सरकारने त्यांच्या पगाराची जबाबदारी पूर्णपणे अंगावर घेतली. त्याआधी खासगी शाळेतला मास्तर म्हणजे अध्यक्षांचा गडी. सही एका आकड्यावर, हातात दुसराच, आणि उरलेला ‘देणगी’ म्हणून परत. १९७७चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आला, पगार थेट मिळू लागला आणि मास्तरांची मान वर झाली. याबद्दल ज्याला कुरकुर करायची असेल त्याने त्या काळातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाशी बोलावं.

झालं एवढंच, की ग्रँटचा अर्थ पगारापुरता आकसला. वेतनेतर अनुदान म्हणजे खडू, वीजबिल, झाडलोट, दुरुस्ती यांचे पैसे. ते पगाराच्या तुलनेत चिमूटभर. मधली काही वर्षं तर बंदच होतं. आणि शाळेला गावाशी बांधून ठेवणाऱ्या कामासाठी ताळेबंदात रकानाच नाही. साताऱ्याकडच्या एका गावात हायस्कूलच्या व्हरांड्यात देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. वरच्या ओळींत ‘१०१ रु.’, ‘५१ रु.’, पुढे ‘जोंधळे २ पोती’, एका विधवा बाईंच्या नावापुढे ‘जोत्याचा दगड’. सगळी नावं ग्रँट सुरू होण्याच्या आधीची. त्यानंतरच्या संगमरवरावर नुसती मोकळी जागा आहे आणि तिथे आता बोर्डाच्या परीक्षेचं बैठक क्रमांकांचे कागद चिकटवतात. गाव कंजूष झालं, असं मुख्याध्यापक म्हणाले. मला ते पटलं नाही. पगार सरकार देतं म्हणजे शाळा सरकार बघेल, असं गावाने धरून चालावं अशीच ती व्यवस्था झाली होती.

मग तिजोरीला ओझं झालं तेव्हा सरकार दुसऱ्या टोकाला गेलं. ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानग्या दिल्या गेल्या. ‘कायम’ हा शब्द २००९मध्ये वगळला, २०१६पासून वीस टक्क्यांनी टप्पा अनुदान सुरू झालं, आणि शिक्षकांच्या एका पिढीची उमेदीची वर्षं आझाद मैदानावरच्या उपोषणांत गेली. या प्रकरणावर खूप लिहिलं गेलं आहे. इथे नोंदवायचं एवढंच, की अनुदान असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही शाळांत गाव गैरहजर होतं.

गाव परत आणायचा कायदेशीर प्रयत्न झाला तो शिक्षणहक्क कायद्याने. शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक, निम्म्या बाया, शाळेचा विकास आराखडा समितीनेच करायचा. छान. पण २०१२च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांमधली ही समिती केवळ सल्लागार ठरवली. म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या शाळेत पालकांनी सल्ला द्यावा आणि चहा घेऊन घरी जावं. जिल्हा परिषदेच्या शाळांत समितीला अधिकार आहेत, पण तिथे पैशाची वाट वेगळी. गुरुजी ‘शैक्षणिक उठाव’ करतात, म्हणजे रंग, टीव्ही, पाण्याची टाकी यांसाठी गावात आणि मुंबईत असलेल्या गाववाल्यांकडे फिरतात. उठाव चांगला झाला की कौतुक होतं, शेजारच्या गरीब वस्तीला तो जमला नाही तर तिच्या वाट्याला काही येत नाही. २०२३ची दत्तक शाळा योजना याच दिशेचं पुढचं पाऊल. ठरावीक रकमेच्या वर देणगी देणाऱ्याचं नाव शाळेला जोडता येईल, अशी तिची तरतूद. दोन पोती जोंधळे देणाऱ्याला तीत जागा नाही. शाळांना मदत मिळेल हे मला मान्य आहे, पण भागीदार म्हणून ज्याला बोलवायचं तो शाळेपासून दोन मैलांवर राहणारा असावा, दोनशे मैलांवरच्या कंपनीचा अधिकारी नव्हे.

अमेरिकेत ‘कम्युनिटी स्कूल’ म्हणून जी चळवळ आहे, तिचाही प्रवास असाच हेलकावे खाणारा. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात १९३५मध्ये एका उद्योगपतीच्या पैशावर शाळेची दारं संध्याकाळी वस्तीसाठी उघडली. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये १९९२ला एका बालकल्याण संस्थेने शाळेतच दवाखाना थाटला. २०२१नंतर कॅलिफोर्नियाने या कल्पनेवर चार अब्ज डॉलरहून अधिक तरतूद केली. तिकडचं सगळं इकडे आणावं असं नाही. एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे. तिथल्या या निधीतून एका माणसाचा पगार निघतो आणि त्याचं काम शिकवणं नसतं. शाळा, दवाखाना, पालक, स्थानिक संस्था यांची गाठ घालत राहणं एवढंच त्याने करायचं. आपल्याकडे हे काम मुख्याध्यापकांनी ‘युडायस’ची सरकारी माहिती भरून झाल्यावर, रात्री करायचं असतं.

आपल्याकडे हे जमत नाही असंही नाही. बीडकडे जाऊन पाहावं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि आईबापांबरोबर मुलंही कारखान्यावर जातात. आधी त्यांच्यासाठी फडावर साखरशाळा निघाल्या. मग कल्पना उलटली: मुलांनी जायचंच कशाला? गावच्या शाळेतच त्यांची हंगामी वसतिगृहं सुरू झाली. पैसा सरकारचा, चालवणार शाळा व्यवस्थापन समिती, स्वयंपाक गावातल्या बायांचा, आणि मुलं रात्री झोपतात आजीकडे नाहीतर चुलत्याकडे. आजी थकलेली असते, पण नातू संध्याकाळी जेवून आलेला असतो आणि सकाळी शाळेत असतो. तिच्यावर भाकरी थापायची वेळ येत नाही, एवढ्यावरही तिचा होकार मिळतो. शाहू महाराजांचं बोर्डिंग आणि भाऊरावांची पंगत या योजनेत एकत्र आली आहेत, आणि जातीची अटही गळून पडली आहे.

तिची दुखरी नस मात्र ठरलेली. टोळी निघते दिवाळीच्या आगेमागे आणि वसतिगृहाची मंजुरी नि पैसा कित्येकदा त्यानंतर येतो. तोवर किराणा दुकानदार समितीच्या अध्यक्षांच्या शब्दावर उधारी देतो, किंवा देत नाही. दिली नाही तर पोरगं ट्रॅक्टरवर बसून निघून जातं आणि मागून आलेल्या पैशाने ते परत येत नाही.

अंदाजपत्रक बनवणाऱ्यांना म्हणून दोनच मागण्या. अनुदानित शाळांच्या समित्यांवरचा ‘केवळ सल्लागार’ हा शिक्का काढण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. आणि हंगामी वसतिगृहांचे पैसे घटस्थापनेच्या आत समितीच्या खात्यात जमा करावेत.