गालिचेवाल्याचा चेहरा

जॉन फ्रेडरिक लुईस या इंग्रज चित्रकारानं १८६० मध्ये कैरोतल्या खान अल-खलिली बाजाराचं एक जलरंगचित्र रंगवलं. त्यातला दाढीवाला गालिचेविक्रेता म्हणजे खुद्द लुईसच, असं अभ्यासक मानतात. पण लुईस १८५१ मध्येच कैरो सोडून मायदेशी परतला होता. थेम्सकाठच्या वॉल्टन गावात, जुनी रेखाटनं आणि सोबत आणलेले कपडे यांच्या आधारानं तो मरेपर्यंत पूर्वेकडची चित्रं काढत राहिला. म्हणजे कैरोचा हा बाजार भरला तो इंग्लंडमधल्या एका खोलीत.

अशा चित्रांना झोडपणं आता सोपं झालं आहे. पूर्वेकडे पाहण्याच्या पाश्चात्य नजरेवर टीका करणारा एडवर्ड सैद यांचा ‘ओरिएंटॅलिझम’ हा ग्रंथ १९७८ मध्ये आला. पाठोपाठ १९८३ मध्ये कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनी फ्रेंच चित्रकार जेरोमच्या गारुड्याच्या चित्रावर बोट ठेवलं: इथून इतिहास गायब आहे, आणि पाहणारा युरोपीय माणूसही. लुईसला यातला दुसरा आरोप चिकटत नाही. तो कैरोत दहा वर्षं राहिला, तेही तुर्की पोशाखात, स्थानिक वस्तीत. १८४४ मध्ये त्याला भेटलेल्या कादंबरीकार थॅकरेनं त्याच्या त्या थाटाचं मिस्कील वर्णन करून ठेवलं आहे. शिवाय या चित्रात तो लपलेला नाही. थेट दुकानदाराच्याच जागी आहे.

पहिला आरोप मात्र पुरता लागू पडतो. १८३८ च्या करारानं इजिप्तसकट उस्मानी साम्राज्याची दारं ब्रिटिश मालाला जवळपास सताड उघडली होती. १८५६ पासून अलेक्झांड्रियाची आगगाडी कैरोपर्यंत धावू लागली, १८५९ मध्ये सुएझ कालव्याचं खोदकाम सुरू झालं. त्या कैरोच्या बाजारात इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांचं कापड येत नव्हतं, असं कोण म्हणेल? लुईसनं मात्र आपला बाजार गालिच्यांपुरता ठेवला. पारदर्शक रंगांवर अपारदर्शक पांढऱ्याचे बारीक फटकारे मारत तो विणीचा पोतसुद्धा दाखवायचा. हातात अफाट कौशल्य, पण व्यापाराचा हिशेब चित्राबाहेर. मला यात अज्ञान दिसत नाही, निवड दिसते. लंडनच्या गिऱ्हाइकाला आपल्याच गिरणीचं कापड चित्रात कशाला हवं होतं?

आज हे चित्र आहे लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नच्या संग्रहालयात. ब्लॅकबर्न हे गिरण्यांचं गाव. हिंदुस्थानात खपणारी धोतरं तिथं विणली जात. चित्रानंतर वर्षभरातच अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला, ब्लॅकबर्नचे माग बंद पडले आणि इजिप्तच्या कापसाबरोबर आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसालाही सोन्याचा भाव आला. मुंबईच्या शेअरबाजाराला याच पैशाचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये तो कोसळला. एवढी मोठी उलाढाल ज्या धाग्यावर चालली होती, त्याचा पत्ता त्या देखण्या बाजारात कुठेच नाही.

लुईस व्यवहार कळणारा माणूस होता. जलरंगात कष्ट फार आणि मोबदला थोडा, म्हणून १८५८ मध्ये जलरंगकारांच्या संस्थेचं अध्यक्षपद सोडून तो तैलरंगांकडे वळला. एकच विषय दोन्ही माध्यमांत रंगवून विकू लागला. विक्रेत्याची भूमिका त्यानं उगाच घेतली नव्हती.

पुढे गिऱ्हाईकही बदललं. १९७० नंतर तेलाच्या पैशावर आखाती देशांतले धनिक अशी चित्रं विकत घेऊ लागले. २०१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमनं पूर्वेकडची दृश्यं रंगवण्याच्या या परंपरेवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्यातली बरीच चित्रं क्वालालंपूरच्या इस्लामी कला संग्रहालयातून उसनी आणावी लागली.